आईचा अंगठा चष्म्यासाठी होता: बंदरे मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय मंत्री व सर्व संबंधित अधिकारी,
बंदरे, जहाज वाहतूक आणि जलमार्ग मंत्रालय, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी: महाराष्ट्र सागरी मंडळ, किनाऱ्यावरच्या सगळ्या बंदरांची व्यवस्थापनं, आणि ज्यांच्या दारात बंदर आहे अशी सगळी गावं.

विषय: बंदरांचं ‘हरित’ मूल्यमापन कुणी, कसं आणि कुठवर करायचं याबाबत.

महोदय,

आमच्या गावात मध्यंतरी मोफत नेत्रतपासणी शिबिर झालं. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पडवीत टेबलं मांडली होती, मागे बंदराचा बॅनर होता. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची. ती सकाळी सातलाच जाऊन रांगेत बसली. वहीत नाव, वय लिहिलं, अंगठा घेतला आणि पंधरा दिवसांनी चष्मा घरपोच आला. चष्मा चांगला आहे. आई आता जवळा स्वतः निवडते, सुनेला हाक मारत नाही. याबद्दल मी बंदराचे मनापासून आभार मानतो.

काही महिन्यांनी बंदराच्या गेटवर मोठा फलक लागला. त्यावर हिरवं पान, निळी लाट आणि ‘हरित बंदर’ अशी अक्षरं. मूल्यमापन झालं, गुण चांगले मिळाले, असं पेपरातही आलं. मला आकड्यांची जुनी खोड आहे, म्हणून माहितीच्या अधिकारात तो अहवाल मागवला. त्यात ‘स्थानिक समुदायाशी सल्लामसलत’ असं एक प्रकरण होतं, शेजारी ‘पूर्ण’ असा शेरा आणि पुराव्यादाखल उपस्थितांची यादी जोडलेली. यादी मला ओळखीची वाटली. ती नेत्रशिबिराची वही होती. सत्तेचाळीसाव्या क्रमांकावर माझ्या आईचा अंगठा.

बंदराच्या शाश्वततेबद्दल माझी आई काय म्हणाली, ते अहवालात लिहिलेलं नाही. तिला विचारलं तर तिलाही आठवत नाही.

त्या बंदराचं नाव मी इथे लिहीत नाही, अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपनीचंही नाही. नाव लिहिलं की एका अधिकाऱ्याची बदली होईल, एक खुलासा छापून येईल आणि विषय संपेल. माझं भांडण त्या माणसांशी नाही. ज्या पद्धतीत नेत्रशिबिराची वही सल्लामसलत म्हणून खपून जाते, त्या पद्धतीशी आहे. ती पद्धत दिल्लीतून ठरते, म्हणून हे पत्र आपल्याला.

मी कोण, तेही सांगतो. रायगड जिल्ह्यात, खाडीकाठी आमचं घर. आजोबा डोल, म्हणजे खाडीच्या प्रवाहात खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं, लावायचे, बाबाही डोलीवरच गेले. मी दहावीनंतर होडीत न बसता कंटेनर यार्डात टॅली क्लार्क म्हणून लागलो आणि सव्वीस वर्षं सील नंबर आणि डब्यांचे पोचे लिहून काढले. मुलाच्या इंजिनिअरिंगची फी कंटेनरच्या पैशातून गेली आहे. बंदर नको म्हणणाऱ्यांतला मी नाही, आणि तसं म्हटलं तर गावात मला कुणी खोटं पाडायलाही कमी करणार नाही.

चांगलं झालं तेही मी पाहिलं आहे. यार्डातल्या डबे उचलणाऱ्या, चाकांवरच्या उंच आरटीजी क्रेन पूर्वी डिझेलवर चालायच्या. पाळी संपवून घरी आल्यावर रुमालात नाक शिंकरलं की काळं यायचं. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं. आम्हाला ते रुमालावरून आधीच कळत होतं. पुढे काही क्रेन विजेवर आल्या आणि फरक पहिल्याच आठवड्यात जाणवला. म्हणून ‘हरित बंदर हे सगळं थोतांड’ असं म्हणणाऱ्यांच्या रांगेतही मला उभं राहायचं नाही.

आपल्या मंत्रालयाने १० मे २०२३ रोजी ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. मी ती वाचली. मुलाला शेजारी बसवून वाचली, कारण ती इंग्रजीत आहेत. दर टन मालामागचं कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी आणि २०४७ पर्यंत ७० टक्क्यांनी कमी करायचं. २०३० पर्यंत ६० टक्क्यांहून जास्त वीज अक्षय स्रोतांतून घ्यायची. निम्म्याहून जास्त यंत्रं आणि वाहनं विजेवर आणायची. बंदराच्या जागेवर हिरवं आच्छादन २०३० पर्यंत २० टक्के आणि २०४७ पर्यंत ३३ टक्के करायचं. वर ‘निसर्गासोबत काम’ असं तत्त्वही आहे. वाचून बरं वाटलं. मग वही-पेन घेऊन बसलो, आणि तिथून माझ्या तक्रारी सुरू झाल्या.

पहिली तक्रार हिशोबाची. ‘दर टन मालामागे’ या शब्दांत सगळी गोम आहे. सागरी अमृतकाल व्हिजन २०४७ मध्ये देशातल्या बंदरांची क्षमता चौपटीहून वाढवून वर्षाला १०,००० दशलक्ष टनांवर न्यायची, असं आपणच जाहीर केलं आहे. क्षमतेसोबत मालही चौपट झाला असं धरा. आज शंभर किलो धूर निघत असेल, तर चौपट मालाचा चारशे किलो होईल. त्यातून आपलं २०४७ चं उद्दिष्ट पुरेपूर गाठलं, म्हणजे ७० टक्के कमी केले, तर उरतात एकशे वीस. शंभराचे एकशे वीस. सगळी बंदरं शंभर टक्के यशस्वी, सगळ्यांच्या गेटवर पान आणि लाट, आणि आकाशात धूर आजच्यापेक्षा वीस टक्के जास्त. २०३० चंही तेच. माल दुप्पट झाला, दर टनामागे ३० टक्के घट झाली, तरी एकूण उत्सर्जन ४० टक्के वाढतं.

दर टनाचा आकडा निरर्थक आहे, असं मी म्हणत नाही. क्रेनवाला, यार्डवाला काटकसरीने काम करतोय का, ते त्यातून कळतं. पण तो मालकाच्या कामाचा आकडा. शेजाऱ्याच्या छातीला टन कळत नाही. तिला एकूण किती धूर आत गेला तेवढंच कळतं. एकूण आकडा दर टनाच्या आकड्याशेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत छापायला काय हरकत आहे?

दुसरी तक्रार कुंपणाची, आणि हिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे.

मला मिळालेल्या अहवालात बंदराचं उत्सर्जन म्हणजे बंदराच्या मालकीची यंत्रं, बंदराच्या गाड्या, बंदराचं वीजबिल. आता यार्डात काम केलेल्या कुणालाही विचारा, धूर कुठून येतो. पहिलं उत्तर ट्रेलर. गेटच्या बाहेर, सर्व्हिस रोडला, कधी एक किलोमीटर तर कधी हायवेपर्यंत ट्रेलरची रांग असते. रांग सरकते हळू, म्हणून इंजिन बंद करत नाहीत. ड्रायव्हर बिचारा दोन रात्रींचा जागा, तो तरी काय करणार? ही रांग बंदरासाठीच उभी असते, पण ती कुंपणाबाहेर आहे, म्हणून अहवालात नाही. रांगेच्या कडेला अंगणवाडी आहे, तीही अर्थात अहवालात नाही.

दुसरं उत्तर जहाज. धक्क्याला लागलेलं जहाज झोपत नाही. मुख्य इंजिन बंद झालं तरी दिवे, पंप, गोठवलेल्या मालाचे रीफर डबे, खलाशांचं स्वयंपाकघर हे सगळं जहाजाच्या जनरेटरवर चालतं, रात्रंदिवस. आणि कोणत्या इंधनावर? १ एप्रिल २०२० पासून आपल्या रस्त्यावरच्या ट्रकला बीएस-सहा डिझेल लागतं, त्यात गंधकाची मर्यादा दहा लाखांत दहा भाग. जहाजांच्या इंधनासाठी १ जानेवारी २०२० पासून जगभर ०.५० टक्क्यांची मर्यादा आहे. त्याआधी ती साडेतीन टक्के होती, म्हणजे सुधारणा मोठीच झाली. तरी ०.५० टक्के म्हणजे दहा लाखांत पाच हजार भाग. गावातल्या टेम्पोच्या पाचशे पट. युरोपात बंदरात उभ्या जहाजाला २०१० पासून ०.१० टक्क्याचं बंधन आहे. आमच्या खाडीवरची हवा युरोपातल्या हवेहून कमी प्रतीची आहे का?

यावर शोअर पॉवर हा उपाय आहे. किनाऱ्यावरून केबल टाकून जहाजाला वीज द्यायची आणि जनरेटर बंद करायचे. आपल्या तत्त्वांतही तो आहे. लॉस एंजेलिसच्या बंदरात २००४ मध्ये चायना शिपिंगच्या टर्मिनलवर कंटेनर जहाजांना अशी वीज द्यायला सुरुवात झाली. ती बंदराला सुचली म्हणून झाली नाही. शेजारच्या सॅन पेद्रो वस्तीतले रहिवासी पर्यावरण संघटनांना घेऊन कोर्टात गेले, तडजोड झाली, तेव्हा केबल आली. युरोपीय संघाने मोठ्या बंदरांत कंटेनर आणि प्रवासी जहाजांना २०३० पासून शोअर पॉवर सक्तीची केली आहे. आपल्याकडे धक्क्यावर प्लग बसवला की अहवालात ‘सुविधा उपलब्ध’ अशी खूण होते. गेल्या वर्षी किती जहाजांनी प्लग लावला, किती तास लावला, हा रकाना मला मिळालेल्या अहवालात नव्हता. माझ्या पुतण्याने तालमीचं सभासदत्व घेऊन ठेवलं आहे. त्याचं पोट पाहिलंत तर ‘सुविधा उपलब्ध’ म्हणजे काय ते कळेल.

कुंपणाबाहेरचं मोजणं अवघड आहे, हे उत्तर मला चालणार नाही. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जोडबंदरांनी २००६ मध्ये स्वच्छ हवेचा कृती आराखडा केला. तेव्हापासून ती दरवर्षी उत्सर्जनाचं खातं छापतात. त्यात पाच खाती आहेत: समुद्रातून येणारी जहाजं, जहाजांना ओढणाऱ्या टग आणि बंदरातल्या इतर होड्या, माल हाताळणारी यंत्रं, रेल्वेची इंजिनं आणि ट्रक. कोण कुणाच्या मालकीचं, हा प्रश्नच नाही. बंदरामुळे जे हलतं ते बंदराच्या खात्यात. आधारवर्ष २००५, आणि दरवर्षीची तुलना त्याच वर्षाशी. आपल्याकडे टर्मिनल एका कंपनीला, यार्ड दुसऱ्याला, ट्रेलर तिसऱ्याचे, जहाज चौथ्याचं. बंदर म्हणजे फक्त जमीनमालक. अशा वेळी मालकीवरून खातं मांडलं, तर बंदराच्या खात्यात ऑफिसचे एसी आणि साहेबांच्या गाड्या एवढंच उरतं. त्या गाड्या विजेवर आणल्या की झालं हिरवं बंदर!

तिसरी तक्रार पाण्याची. अहवालात पाणी म्हणजे बंदराने वापरलेलं गोडं पाणी आणि सांडपाण्याचं शुद्धीकरण. दोन्ही गरजेचंच. पण बंदर उभं कशात आहे?

मोठी जहाजं यायची तर वाट खोल हवी. ती आधी एकदा खोदतात, मग पावसाळ्यात वाहून आलेला गाळ दरवर्षी उपसतात. उपसलेला गाळ ठरवून दिलेल्या जागी नेऊन टाकायचा असतो. ‘टाकलेला गाळ उधाणाला पाय फुटून परत येतो,’ असं बाबा म्हणायचे. ते शास्त्रज्ञ नव्हते. पण डोलीच्या खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या टोकाच्या पिशवीत, मासळीपेक्षा चिखल जास्त आला की ती ओढताना कुणाच्या कमरेत कळ जाते, हे त्यांना माहीत होतं. पुढे ड्रेजरसाठी त्यांचे खुंटच हलवायला लावले. खुंट हाच आमच्या शेताचा बांध. सातबारा नसतो, एवढाच फरक.

खाजणात, म्हणजे भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या दलदलीत, कांदळवनाच्या मुळांत जिताड्याची पिल्लं वाढतात. निवटी चिखलात. आई आणि तिच्या मैत्रिणी ओहोटीला कालवं फोडायला जायच्या, त्या पैशातून मला वह्या आल्या. भराव पडला, मोरीतून पाणी आत येईना, खाजण सुकलं. आई म्हणते, ‘खाडीन आता काय रायलं नाय.’ या वाक्याला अहवालात रकाना नाही. मासळी किती येत होती, किती येते, कालवं कुठपर्यंत होती, भरतीचं पाणी कुठे अडलं, यातलं काहीच नाही. उलट गेटपासून ऑफिसपर्यंतची हिरवळ आणि दुतर्फा लावलेली शोभेची झाडं ‘हरित आच्छादन’ म्हणून टक्केवारीत आहेत. त्या हिरवळीला टँकरचं पाणी घालतात. एक हेक्टर लॉन आणि एक हेक्टर कांदळवन एकाच टक्केवारीत बसणार असेल, तर ३३ टक्के गाठणं माळ्याचं काम आहे.

मासेमारीचं नुकसान मोजता येत नाही म्हणाल, तर तेही खरं नाही. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने फेब्रुवारी २०१५ मध्ये उरणच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. म्हणजे कुटुंबामागे सुमारे ५ लाख ८४ हजार. निकालाचं पुढचं राजकारण बाजूला ठेवू. मला एवढंच दाखवायचं आहे की लवादाने कुटुंबं मोजली, रोजचं उत्पन्न धरलं आणि गुणाकार केला. लवादाच्या कागदावर जे नुकसान आकड्यात येतं, ते मंत्रालयाच्या मूल्यमापनात एका ओळीतही का येत नाही?

अपघाताचं एका परिच्छेदात सांगतो, कारण त्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली. तेल सांडलं, डबे पाण्यात पडले, त्यांतल्या काहींत कीटकनाशकं होती. मासे खाऊ नका असं लोकांना सांगितलं गेलं. ज्याचं जाळं तेलाच्या जवळपासही नव्हतं, त्याचीही पाटी बाजारातून भरलेलीच परत आली. मे २०२५ मध्ये केरळजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं, ६४० डबे घेऊन, आणि प्लास्टिकचे बारीक मणी किनाऱ्यावर लागले. असं काही आमच्या खाडीत झालं, तर पहिला फोन कुणाला करायचा, होड्या कुठे न्यायच्या, विक्री बुडाली तर भरपाईचा अर्ज कुठे द्यायचा, हे आमच्या मच्छीमार सोसायटीत कुणालाही माहीत नाही. बंदराकडे आराखडा आहे, असं अहवाल म्हणतो. असेल. आमच्यापर्यंत तो आलेला नाही.

चौथी तक्रार आधारवर्षाची. मूल्यमापनाचं घड्याळ कधी सुरू करायचं, यात सगळं लपवता येतं. बंदर बांधून झालं, भराव टाकून झाला, खाजण बुजलं आणि मग म्हणायचं, आजपासून मोजू. आजपासून मोजलं तर बंदर दरवर्षी सुधारतच जाणार.

पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराचं उदाहरण समोरच आहे. डहाणू तालुका १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशाने तिथे प्राधिकरण बसलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असताना, १९९८ मध्ये, त्या प्राधिकरणाने वाढवणला बंदर नाकारलं. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह होकार दिला, जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली, ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. १,४४८ हेक्टर समुद्रात भराव पडायचा आहे. होकार बरोबर की चूक, यावर पालघरची माणसं माझ्यापेक्षा जास्त अधिकाराने बोलत आहेत. माझा प्रश्न मापाचा आहे. उद्या हे बंदर सुरू होईल, त्याच्या क्रेन विजेवरच्या असतील, छतांवर सौर पट्ट्या असतील आणि आजच्या पद्धतीने ते पहिल्याच वर्षी उत्तम गुणांनी पास होईल. त्या १,४४८ हेक्टरांत आधी काय होतं, ते गुणपत्रिकेत कुठे लिहिणार?

‘निसर्गासोबत काम’ ही मूळ कल्पना जलमार्ग आणि बंदरांच्या पायानक (PIANC) या आंतरराष्ट्रीय संघटनेची, २००८ सालची. आराखडा काढण्याआधी तिथला निसर्ग समजून घ्या, तिथल्या माणसांना विचारा आणि मग बंदर आखा, असा तिचा क्रम आहे. आपण वाक्य घेतलं, क्रम सोडला.

पाचवी तक्रार परीक्षकाची. ज्या कंपनीने आमच्या बंदराचं मूल्यमापन केलं, तिची निवड बंदराने केली आणि तिचं बिलही बंदराने दिलं. परीक्षकाचा पगार विद्यार्थ्याने द्यायचा आणि पेपरही घरी नेऊन सोडवायचा, अशी शाळा मला मिळाली असती तर मी टॅली क्लार्क राहिलो नसतो.

इथेही परदेश म्हणजे स्वर्ग नाही. ज्या चायना शिपिंग टर्मिनलचं कौतुक मी वर केलं, त्याचीच गोष्ट सांगतो. २००८ मध्ये त्याच्या विस्ताराला परवानगी देताना प्रदूषण कमी करण्याचे ५२ उपाय ठरले. त्यांतले ११ पूर्णपणे पाळलेच नाहीत, हे बंदराने २०१५ मध्ये कबूल केलं. सात वर्षं. जगात सगळ्यांत बारकाईने हिशोब छापणाऱ्या बंदराची ही स्थिती असेल, तर स्वतःचं प्रगतिपुस्तक स्वतः भरणाऱ्यांबद्दल काय बोलायचं?

तरी बरे नमुने आहेत. उत्तर अमेरिकेत २००७ पासून ‘ग्रीन मरीन’ नावाचा कार्यक्रम चालतो. त्यात प्रत्येक विषयाला एक ते पाच अशी पायरी असते आणि कायदा पाळला तर फक्त पहिली पायरी मिळते. हे मला फार आवडलं. आपल्याकडे कायदा पाळल्याबद्दल सत्कार होतो. ‘ग्रीन मरीन’मध्ये दर दोन वर्षांनी बाहेरचा तपासनीस येऊन दाखले तपासतो आणि प्रत्येक बंदराचे विषयवार गुण नावानिशी छापले जातात. एका विषयात पाच आणि दुसऱ्यात एक असेल, तर ते तसंच दिसतं, सरासरीत बुडत नाही. युरोपातल्या बंदरांचा ‘इकोपोर्ट्स’ म्हणून कार्यक्रम आहे. त्याचं प्रमाणपत्रही दोनच वर्षं टिकतं आणि त्याआधी त्रयस्थ संस्था कागद तपासते. आमच्या गेटवरच्या फलकावर मुदत लिहिलेली नाही. तो गंजेपर्यंत बंदर हिरवं.

आणि भाषेची तक्रार, अगदी थोडक्यात. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे अटी पाळल्याचा अहवाल दर १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो आणि तो जनतेसाठी खुला असतो. खुला आहे, पण इंग्रजीत आहे. आमच्या खाडीबद्दलचा कागद आमच्या भाषेत नसेल, तर त्याला खुला म्हणण्यात अर्थ नाही.

आता मागण्या. सगळ्यांना मिळून एका क्रेनएवढाही खर्च येणार नाही, असा माझा अंदाज आहे. चूक असेल तर आपण आकडे छापावेत.

१. प्रत्येक बंदराने दर टनामागचं आणि एकूण, अशी दोन्ही उत्सर्जनं दरवर्षी शेजारी शेजारी छापावीत. एकूण उत्सर्जनासाठीही उद्दिष्ट ठरवावं.

२. जहाजं, टग, यार्डातली यंत्रं, रेल्वे आणि ट्रेलर ही सगळी बंदराच्या खात्यात धरावीत, मालक कुणीही असो. ट्रेलरच्या रांगेचे तास मोजावेत. शोअर पॉवरचे प्लग मोजू नयेत, ती किती तास वापरली ते मोजावं. गेटबाहेर, वस्तीत, हवा मोजणारं यंत्र बसवून त्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा.

३. कांदळवन आणि लॉन यांची टक्केवारी वेगळी. मासळीची आवक आमच्या सोसायट्यांच्या नोंदींसह मूल्यमापनात धरावी. डोल कुठे लागते आणि लागत होती, कालवं कुठे मिळत होती, यांचा नकाशा जुन्या माणसांना सोबत घेऊन करावा. ती माणसं फार दिवस थांबणार नाहीत.

४. आधारवर्ष बांधकामाच्या आधीचं असावं. जुन्या बंदरांसाठी जुने उपग्रह नकाशे आहेतच.

५. परीक्षक मंत्रालयाने नेमावा, पैसे सगळ्या बंदरांच्या सामायिक निधीतून द्यावेत आणि एका परीक्षकाला एकाच बंदराचं काम लागोपाठ देऊ नये. प्रमाणपत्राला दोन वर्षांची मुदत असावी. गुण विषयवार छापावेत.

६. २०२१ च्या महाबंदर प्राधिकरण कायद्याने बंदराच्या मंडळावर रेल्वे, संरक्षण, सीमाशुल्क यांना जागा आहे, कर्मचाऱ्यांनाही आहे, आणि ती असायलाच हवी. मच्छीमारांना मात्र नाही. कायदा बदलेपर्यंत प्रत्येक बंदरात मूल्यमापन समिती असावी, तिच्यात मच्छीमार सोसायटीचे आणि मासळी विकणाऱ्या बायकांचे प्रतिनिधी असावेत आणि इतिवृत्त मराठीत छापावं. जिथे दुसरी भाषा आहे तिथे त्या भाषेत.

७. आपत्ती आराखड्याचं एक पान मराठीत करून प्रत्येक सोसायटीच्या भिंतीवर लावावं. हे तर या महिन्यातही होईल.

आठवी मागणी घरगुती आहे. त्या अहवालाच्या जोडपत्रातला सत्तेचाळीसावा क्रमांक कृपया खोडावा. तो अंगठा चष्म्यासाठी होता. बंदराबद्दल आईचं मत खरोखर हवं असेल, तर कुणाला तरी पाठवावं. ती सकाळी मासळी घेऊन बाजारात असते, चारनंतर घरी भेटते. फॉर्म आणायची गरज नाही, ती तोंडी सांगेल. येणाऱ्याने तासभर वेळ काढून यावं, कारण ती भरावाच्या आधीपासून सुरुवात करते.

आपला,
खाडीकाठचा एक निवृत्त टॅली क्लार्क